एकादशीच्या सात जणी

“नाकाला पदर लावा मॅडम, आन् एकदम वाकू नका,” असं म्हणत हौसाबाईनेच आधी वाकून टाकीत पाहिलं.

मी पदर लावला नाही. मी रसायनशास्त्राची प्राध्यापिका, प्रयोगशाळेतल्या सडक्या अंड्यांच्या वासात वाढलेली. मला कसला वास लागतोय, अशी माझी ऐट होती. मी वाकले. पाण्यात दोन कबुतरं होती. एक अजून कबुतरासारखं दिसत होतं. दुसरं फुगून फुटलं होतं, त्याची पिसं सुटून पसरली होती आणि पिसांच्या मधे पिवळट तवंग साचला होता. टाकीच्या तळातून हेच पाणी खालच्या तीन मजल्यांना जात होतं. मी कठडा धरला आणि सकाळचे पोहे तिथेच ओकून टाकले. हौसाबाई माझी पाठ चोळत राहिली.

“सांगितलं व्हतं न्हवं,” ती म्हणाली.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या महाविद्यालयात मी नुकती लागले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि नव्या बाईच्या गळ्यात जे काम घालतात ते माझ्याही घातलं होतं, म्हणजे मुलींच्या वसतिगृहाची देखरेख. हौसाबाई तिथल्या मेसची स्वयंपाकीण. चौदा वर्षं चौसष्ट-पासष्ट मुलींच्या भाकऱ्या थापत आलेली, हातावर तव्याचे डाग असलेली, तोंडाने फटकळ बाई. दोनच दिवसांपूर्वी पहाटे वसतिगृहातल्या एकेचाळीस मुलींना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. अजून नऊ जणी सरकारी दवाखान्यात सलाईनवर होत्या. प्राचार्यांनी मेसला कुलूप लावलं, अन्नातून विषबाधा असं जाहीर करून टाकलं, आणि हौसाबाई एका दिवसात सगळ्या गावाला पोरींना विष घालणारी बाई म्हणून माहीत झाली.

“ह्याचं झाकण कुठं आहे?” तोंड पुसून मी विचारलं.

तिने रस्त्याकडच्या कठड्याकडे हात केला. तिथे आमच्या चर्चासत्राचा मोठा कापडी फलक बाहेरच्या बाजूने सोडलेला होता. वसतिगृहाची इमारत हमरस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसणारी, म्हणून फलक इथे. तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्याचे दोर गच्चीवर ओढून घेतले होते आणि दोरांवर टाकीचं बिडाचं झाकण ठेवलं होतं. फलकाची उलटी बाजू आमच्याकडे होती, पण त्यावरचं मला पाठ होतं. ते शब्द मीच सुचवले होते. ‘पुरावा म्हणजे काय? सर्व विद्याशाखांचा संवाद.’

“आठ दिस झालं टाकी उघडी हाय,” हौसाबाई म्हणाली. “फलक बांधला त्या दिवसापासनं. पर माझं म्हननं येगळंच हाय, मॅडम. एकादस कवा व्हती?”

“मंगळवारी.”

“त्या दिवशी अकरा पोरींचा उपास व्हता. मेसमदी आपण उपासाचं करत न्हाई, तर त्यांनी केळी आन् घरनं आणल्यालं शेंगदाण्याचं लाडू खाल्लं. माझ्या हातचा घास न्हाई त्यांच्या पोटात. त्यातल्या सात जणी पडल्या. आन् म्या? म्या दोन भाकरी, वांग्याची भाजी, सगळं पोटभर जेवले. पर म्या पाणी पिते मागच्या हापशाचं, टाकीचं मला गोड लागत न्हाई. म्या उभी हाय का न्हाई तुमच्याम्होरं?” तिने दोन बोटं वर केली. “ज्यांनी खाल्लं न्हाई पर पाणी पिल्या, त्या पडल्या. जिनं खाल्लं पर पाणी प्यालं न्हाई, ती धड हाय. मग काय म्हनायचं ह्याला?”

मला त्या वासातसुद्धा आनंद झाला, हे कबूल करते.

त्याचं कारण सांगायला हवं. इतिहासाचे मुजुमदार सर दर गुरुवारी दुपारी आपल्या विभागात आम्हा चार-पाच जणांना बोलवायचे. एकच प्रश्न घ्यायचा आणि प्रत्येकाने आपापल्या विषयातून उत्तर द्यायचं, असा तो खेळ. त्या वर्षी प्रश्न होता पुराव्याचा. गणिताचे शहापुरे सर म्हणायचे, आमच्याकडे हजार उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही आणि एका उलट्या उदाहरणाने सगळं कोसळतं. मुजुमदार सर म्हणायचे, इतिहासात असा चोख हिशेब नसतोच. कागद बघायचा, कागद लिहिणारा कोण ते बघायचं, आणि त्याचा स्वार्थ वजा करून उरेल तेवढं धरायचं. मी सांगायचे ते कोऱ्या चाचणीबद्दल. ज्या पदार्थाचा संशय आहे तो एक सोडून बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते पाहायचं. फरक पडला तर तो त्या पदार्थामुळे. कोणाचं कुठे जुळतं, कोणाचं कुठे फाटतं, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. रसायनशास्त्राच्या माणसालाही डोकं असतं असं मानणारे मुजुमदार सर हे मला भेटलेले पहिले गृहस्थ. मी त्यांच्यावर जीव टाकत होते म्हटलं तरी चालेल.

आणि इथे सातवी शिकलेली बाई टाकीच्या कडेला उभी राहून मला कोरी चाचणी सांगत होती, तीही दोन्ही बाजूंनी.

मी एका बाटलीत टाकीचं पाणी भरलं, दुसरीत हापशाचं. प्रयोगशाळेत जाऊन दोन्हींत परमँगनेटचे चार-चार थेंब टाकले. हापशाचं पाणी गुलाबी राहिलं. टाकीच्या पाण्याचा रंग बघता बघता उडाला आणि खाली मळकट तपकिरी साका बसला. मी तशीच मुजुमदार सरांकडे गेले.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

“झाकण तिथं कोणी नेलं?” मी शेवटी विचारलं.

“त्या दिवशी वारा फार होता,” ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. “चौगुलेबाई, झाकण कोणी उचललं याची कुठे लेखी नोंद आहे का?”

नोंद कुठली असणार! फलक त्यांनी स्वतः गच्चीवर उभं राहून बांधून घेतला होता. मूल्यांकन समिती पंधरा दिवसांवर आली होती, चर्चासत्र त्याच आठवड्यात होतं, आणि समितीला सगळ्यात आधी दिसावा म्हणून तर फलक हमरस्त्यावर. मला वाटलं, सर विचार करताहेत, आता उठून प्राचार्यांकडे जातील. मी बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवून आले. इतकी मी भाबडी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले तर टाकी रिकामी करून, घासून, चुना लावून झाली होती. झाकण जागेवर. फलकाच्या दोरांवर वाळूची पोती. माझं ओकलेलंसुद्धा कोणीतरी धुऊन टाकलं होतं. सरांच्या टेबलावर बाटल्या नव्हत्या.

त्याच दुपारी चौकशी समिती नेमल्याचं पत्र आलं. अध्यक्ष मुजुमदार सर, सदस्य शहापुरे सर आणि मी.

समिती बसली ती इतिहास विभागातच, त्याच गुरुवारच्या टेबलाभोवती. चहा होता, क्रीमची बिस्किटं होती. हौसाबाईला बोलावलं. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती आणि हात पोटावर बांधून दाराशी थांबली.

“बसा ना हौसाबाई, चहा घ्या,” मुजुमदार सर म्हणाले. त्यांचं बोलणं कायम असंच, लोण्यात घोळलेलं.

“उभीच बरी हाय.”

“तुमचं काय म्हणणं आहे ते निःसंकोच सांगा.”

तिने गच्चीवर सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, बोटं मोजून. उपासाच्या अकरा, त्यातल्या पडल्या सात, आणि हापशाचं पिणारी ती स्वतः. शहापुरे सरांनी पेन उघडलं आणि समोरच्या कागदावर चार चौकोन आखले. खाल्लं, नाही खाल्लं. प्यायलं, नाही प्यायलं. त्यांचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. त्यांनी तिला नेमके विचारायचे तेच प्रश्न विचारले. उपासाच्या कोणी चोरून भाकरी खाल्ली असेल का? हापशाचं पाणी आणखी कोण पितं? भांडी घासणारी रंगू पिते, ती जेवली होती, ती धड आहे, हौसाबाई म्हणाली. शहापुरे सरांनी आकडे चौकोनांत भरले. मग त्यांनी मान वर करून मुजुमदार सरांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

“अकरा म्हणजे नमुनाच नव्हे,” ते म्हणाले. “योगायोग नाकारता येत नाही.”

“आणि साक्षीदाराला साक्षीतून काय मिळणार आहे, हे आम्ही आधी पाहतो,” मुजुमदार सर म्हणाले. “बाईंची नोकरी याच्यावर आहे. त्यांना दोष नाही देत मी. पण एकच साक्षीदार, तोही गुंतलेला, आणि कागद एकही नाही.”

“फलक कुणाचा हाय, सर?” हौसाबाईने विचारलं.

“महाविद्यालयाचा,” सर हसून म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुमी सांगा की. तुमी वाकून बघितलंय. ओकलाय तितं.”

तिघेही माझ्याकडे बघू लागले. पुढच्याच महिन्यात माझ्या कायम होण्याचा निर्णय होता, आणि निवड समितीवर मुजुमदार सर होते. हे कोणी बोललं नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

मी म्हणाले, “रंग उडाला याचा अर्थ पाण्यात सेंद्रिय पदार्थ होते, एवढाच. त्यानेच जुलाब झाले असं रसायनशास्त्राला म्हणता येणार नाही. शिवाय नमुना घेताना साक्षीदार नव्हता आणि बाटल्या आता उपलब्ध नाहीत.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. आजही कोणी माझ्या त्या विधानात चूक काढून दाखवावी. सरळ खोटं बोलले असते तर निदान खोटं बोलले असं म्हणता आलं असतं. मी माझ्या विषयाची सगळी शिस्त, सगळा प्रामाणिकपणा बाहेर काढला आणि त्यानेच त्या बाईचं तोंड बंद केलं.

ती फक्त “बरं” म्हणाली आणि गेली. जाताना तिने दार हळूच ओढून घेतलं.

“काय सुंदर झालं हे!” मुजुमदार सर खुर्चीत मागे रेलले. “शहापुरे, पाहिलंत? घटना एकच, आणि तीन विषय तीन दिशांनी येऊन एकाच ठिकाणी थांबले. आपल्याला निश्चित सांगता येत नाही! ही विनम्रता, हेच तर आपल्या चर्चासत्राचं सार.” त्यांनी खिशातली डायरी काढली आणि ते वाक्य उद्घाटनाच्या भाषणासाठी तिथल्या तिथे टिपून घेतलं. मग बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. “घ्या चौगुलेबाई, तुम्ही काहीच घेतलं नाहीत.”

मी बिस्किट घेतलं. खाल्लंही.

अहवाल दीड पानाचा झाला. पुराव्याअभावी पाण्याबद्दल निश्चित विधान करता येत नाही. भोजनगृहातील स्वच्छतेबाबत मात्र हयगय नाकारता येत नाही. सबब संबंधित स्वयंपाकीस सेवेतून कमी करण्यात यावे. पहिल्या दोन्ही वाक्यांत ‘येत नाही’ होतं. एक टाकीला वाचवत होतं आणि एक हौसाबाईला बुडवत होतं. तिसरी सही माझी.

पुढच्या मंगळवारी ती आपलं सामान न्यायला आली. सामान कसलं, स्वतःचा पोळपाट, एक उलथनं आणि देवाचा एक लहानसा फोटो. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी होते. का उभी होते कोण जाणे.

“काम मिळंल कुटंतरी,” ती आपणहून म्हणाली. “हात हायेत. पर काल दवाखान्यात गेले व्हते पोरींना बघाया. तोंड फिरवलं त्यांनी. सगळ्यांनी. चौदा वर्सं, मॅडम. कुणाला भाकरी कडक लागती, कुणाला मऊ, समदं मला ठावं.” तिने पदराने नाक पुसलं, रडणं असं नव्हतं ते. मग माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली, हापशाशी गेली, चार दांडे मारून ती विसळली आणि भरून माझ्या हातात दिली. “टाकीचं पिऊ नगा. चुना लावलाय म्हनत्यात, पर त्या वासाचा भरवसा न्हाई.”

मी ती बाटली घेतली. तिच्या हातचं पाणी मी प्यायले, आणि मला ‘माझी चूक झाली’ हे तीन शब्द बोलता आले नाहीत.

चर्चासत्र थाटात झालं. मूल्यांकन समिती पहिल्या रांगेत बसली होती. सकाळी मी सभागृहात शिरत असताना मुजुमदार सर शिपायाला बजावत होते, “पाहुण्यांच्या टेबलावरचं पाणी हापशाचं आण. टाकीचं नको. मी स्वतः बघणार आहे.” मी मागेच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. सगळ्या चर्चासत्रात पुरावा म्हणून मला एवढाच मिळाला, आणि तोही तोंडीच. व्यासपीठावर चकचकीत ग्लास मांडलेले होते आणि त्यात ते स्वच्छ पाणी. मला त्या ग्लासांची, त्या शालींची, सगळ्या सभागृहाची शिसारी आली. पण मी उठून गेले नाही. माझा निबंध दुपारच्या सत्रात होता.

त्या निबंधाबद्दल मी आजवर कोणालाच खरं सांगितलेलं नाही.

तो फार गाजला. टाळ्या पडल्या. समितीच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन हात मिळवला. शहापुरे सर मात्र खाली बघत बसले होते. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. निबंध ग्रंथात छापला गेला, मग आणखी दोन संकलनांत, आणि पुढे संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात लागला. त्याच्या जोरावर मी विभागप्रमुख झाले. त्यातलं सगळ्यांना आवडलेलं पान सुरू होतं ते असं: ‘समजा, एका वसतिगृहात काही मुली आजारी पडल्या. त्यांपैकी काहींचा त्या दिवशी एकादशीचा उपवास होता...’

त्या ‘समजा’वर मी पंचवीस वर्षं जगले.

मागच्या वर्षी, निवृत्तीला तीन महिने उरले असताना, तेच पान वर्गात शिकवून मी विभागात येऊन बसले होते. एक मुलगी मागोमाग आली. तेजल आडमुठे नाव तिचं, वसतिगृहात राहणारी. टेबलावर माझी बाटली होती, हापशाच्या पाण्याची. हापसा केव्हाच बंद पडला होता, त्या जागी आता बोअरची मोटर बसलीय, पण मी पाणी तिथूनच भरायचे.

“मॅडम, एक विचारू? हे वसतिगृहाचं उदाहरण खरं आहे का?”

“का गं?”

“माझी आई इथेच शिकली. ती सांगते, मेसच्या बाईने एकदा मुलींना विषारी जेवण घातलं होतं. ती पण आठवडाभर दवाखान्यात होती. मी परवा तिला हे पान फोनवर वाचून दाखवलं, तर तिने ते पुन्हा वाचायला लावलं.” तेजलने हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. “मग म्हणाली, अगं, माझा तर त्या दिवशी उपास होता. मी मेसमधलं काही खाल्लंच नव्हतं. हे माझ्या इतकी वर्षं लक्षातच कसं आलं नाही! आता तिला झोप लागत नाहीये, मॅडम. म्हणते, ती बाई आम्हाला भेटायला दवाखान्यात आली होती, तर आम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं. ती कुठे असेल आता, विचार म्हणाली.”

सात जणींपैकी एक. पंचवीस वर्षांनी ती स्वतःच्या डोक्याने तिथवर पोचली होती, माझंच पान हातात धरून. आता मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. हौसाबाई नाव होतं तिचं, एवढंच सांगायचं होतं. माझी नोकरी कोणी घेणार नव्हतं. मुजुमदार सर वारून नऊ वर्षं झाली होती.

पण तीन महिन्यांनी माझा निरोपसमारंभ होता, आणि त्यात हाच निबंध पुस्तिका म्हणून निघणार होता.

“नाही गं,” मी म्हणाले. “ते उदाहरण काल्पनिक आहे. आईला सांग, उगाच मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं.”

तिचा चेहरा पडला. मग तिने पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि समासात पेन्सिलीने, नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘काल्पनिक’. “थँक्यू मॅडम,” म्हणाली, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.